दोन टप्पे, चौतीस मिनिटं

तात्यांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी मला गाडीतून खाली उतरवलं तेव्हा.

साल अठ्ठ्याण्णव. मी भूगावात नुकती राहायला आले होते आणि कोळवण खोऱ्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजीची बाई म्हणून लागले होते. वय चव्वेचाळीस, ऐट बावीसची. पहिल्या दिवशी फिकट जांभळी साडी, तिला शोभेलशी पर्स, आणि पर्समध्ये आरसा, पावडरची डबी, दोन रुमाल, तीन पेनं. पैशांचं पाकीट तेवढं घरी टेबलावर. मी कंडक्टरला ऐटीत इंग्रजीत सांगितलं की मी हायस्कूलची शिक्षिका आहे, तिकीट उद्या काढीन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घंटीची दोरी ओढली.

"शिक्षिका हाय म्हणून सांगितलंत, लई बरं वाटलं," ते म्हणाले. "आता उतरा."

मी उतरले. उंच टाचांचे सँडल हातात धरून भाताच्या खाचरांच्या कडेने चालत शाळेत पोचले तेव्हा तिसरा तास सुरू होता. दुसऱ्या दिवशी गाडीत चढले तर तेच कंडक्टर, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने विचारतात, "काल पोचलात का येळंवर?"

सगळं खोरं त्यांना तात्या म्हणायचं, मीही म्हणू लागले. अंगाने काटकुळे, मान पुढे काढलेली, आणि निवृत्त झाल्यावरही अंगात खाकीच. "मी रिटायर झालो, कापड कुटं झालंय?" हे त्यांचं कारण. तिकिटं पंच करायचा चिमटा खिशात कायम असायचा आणि विचार करताना ते तो टकटक वाजवायचे. मोठा विचार असला की टकटक जोरात. लग्नाच्या पंगतीत, ग्रामसभेत, सत्यनारायणाला, माणसं दारात घोटाळली की तात्यांचा आवाज यायचा, "पुढं सरका, आत मोकळं हाय." एकदा मयताला गेले असताना दारात गर्दी झाली, तिथंही ते सवयीनं हेच म्हणाले. मयताचा थोरला मुलगा त्या प्रसंगातही हसला, आणि मग त्याला रडू फुटलं. घरी चहा हवा असला तर तात्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे, पुरे झाला की एकदा. काकू सांगायच्या, "पस्तीस वर्सं झाली, अजून मला ड्रायव्हर समजतोय."

या माणसाने खोऱ्यातल्या एका मुलीला अमेरिकेच्या कॉलेजात धाडायचं मनावर घेतलं, आणि त्यात मी जे दिवे लावले ते सांगायला आज बसले आहे.

मुलगी म्हणजे मंगल. आमच्या शाळेत नववीला. घरी दोन म्हशी, धार काढायचं काम तिच्याकडे, त्यामुळे सकाळची गाडी तिच्या वाडीवर रोज चुकायची. गाडी डोंगराला वळसा घालून जायची, मंगल डोंगरावरून जायची, आणि पुढच्या थांब्यावर दप्तर घेऊन उभी. धाप नाही, घाम नाही. वर विचारायची, "तात्या, आज उशीर का?" तात्यांनी एक दिवस ड्रायव्हरला गाडी दामटायला लावली. तरी ती उभीच.

"गाडी लेट न्हवती बाई," ते मला म्हणाले. "पोरगी लवकर हुती."

निवृत्तीनंतरच्या सोमवारी त्यांनी पळण्याचा वर्ग काढला. पाच पोरं, तीन पोरी. पद्धत त्यांची स्वतःची. डोंगराच्या पायथ्याशी प्रत्येकाने तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा, तो घेऊन वर पळत जायचं आणि वर पोचल्यावर तात्यांसमोर थुंकून दाखवायचा. मधे गिळला तर खाली जाऊन नवा घोट. त्याने पोरं नाकाने श्वास घ्यायला शिकली, आणि मुख्य म्हणजे वर्गात बोलायची कमी झाली, म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी लगेच मिळाली. हजेरी अशी की प्रत्येकाकडे एक पुठ्ठा, त्याला रोज चिमट्याने एक भोक. मंगलचा पुठ्ठा वर्षअखेरीला चाळणीसारखा झाला होता.

पण नुसतं पळून जायचं कुठे, हे तात्यांना माहीत नव्हतं. ते सांगितलं जोसेफने.

जोसेफ केनियाचा. पुण्यात बी.कॉम. करत होता आणि आमच्या भूगावच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. उंच, सडपातळ, मितभाषी. पहाटे रस्त्याच्या कडेने पळायचा. एकदा तात्या गाडीने पुण्याला निघाले होते, खिडकीतून त्यांना तो दिसला, आणि चांदणी चौकाच्या पुढचं तिकीट हातात असताना हा माणूस भूगावला उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काढलेलं तिकीट वाया घालवलं. थेट माझ्या दारात.

"बाई, तुमच्या वरचा पोरगा कुटला? त्याची बोली तुमच्या विषयातली हाय. चला."

जिन्यात मुलाखत झाली. मी दुभाषी. जोसेफ म्हणाला, त्याच्या भागात अमेरिकेच्या कॉलेजांचे प्रशिक्षक येतात. रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन बसतात. जो चांगला पळेल त्याला कॉलेजात नेतात. फी, राहणं, जेवण, सगळं कॉलेजचं. त्याने तिथं त्यांच्यासाठी शर्यतीत पळायचं आणि शिकायचं.

"तुझ्या गावातनं किती गेले, इचारा."

"अकरा."

"मग हा का न्हाई गेला?"

जोसेफने जरा विचार केला. "मी बारावा होतो," तो म्हणाला. "मी हळू पळायचो. म्हणून पुण्यात आलो."

मला हसू आलं. तात्यांना नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुणं बी लांबच हाय." ते भाषांतर मी केलं नाही, पण जोसेफला कळलं असावं. त्या रविवारपासून तो तात्यांच्या घरी जेवायला जाऊ लागला आणि खोऱ्यात त्याचा जोसेफराव झाला.

जिन्यातल्या त्याच बैठकीत तात्यांनी विचारलं की त्याचं गाव किती उंचावर आहे. चोवीसशे मीटर, तो म्हणाला. आपलं खोरं किती, तर साधारण सहाशे. तात्यांचा चिमटा जोरात वाजला. "म्हंजे आपल्याला चारदा चढाया लागंल." दुसऱ्या दिवशी पोरं तो डोंगर चार वेळा चढली.

मंगलला मी एकदा विचारलं होतं, तुला एवढं पळायला आवडतं का. ती म्हणाली, "न्हाई बाई. मला शिकायचंय. आबा म्हणत्यात बारावीनंतर माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, दोघं भाऊ हायेत मागं. पळून शिकाया मिळत असंल तर पळीन." तिचे आबा, म्हणजे वडील, वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या कुणी शिकवलं तर त्यांची हरकत नव्हती. तो दुसरा कुणी अमेरिकेत निघाला, एवढंच.

मंगल बारावीला आली तेव्हा तात्यांनी चाचणी घेतली. कोळवणच्या थांब्यापासून खिंडीपर्यंत, चढउताराचा रस्ता, अनवाणी, चौतीस मिनिटं. अंतर किती, असं मी विचारलं.

"दोन टप्पे," तात्या म्हणाले. "एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा. बारा."

बारा किलोमीटर, चौतीस मिनिटं. मी लिहून घेतलं. त्या आकड्यात काही खटकावं इतकी अक्कल मला नव्हती, पण माझं लक्ष आकड्याकडे होतंच कुठे? माझं लक्ष पत्राच्या भाषेकडे. जोसेफच्या चुलतभावाला अमेरिकेला नेणाऱ्या प्रशिक्षकाचा पत्ता मिळाला होता आणि आयुष्यात प्रथमच माझं इंग्रजी समुद्रापार जाणार होतं. मी चार रात्री खपून पत्र लिहिलं. मंगलविषयी चार ओळी, नम्रतेविषयी एकतीस. अत्यंत आदरपूर्वक विनंती, आपल्या मौल्यवान वेळेबद्दल क्षमायाचना, आपली आज्ञाधारक सेविका. जोसेफने ते वाचलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, कुणी वारलंय का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

चांदणी चौकाजवळच्या सायबर कॅफेतून ते पाठवलं. तात्यांनी चपला बाहेर काढल्या. पत्र गेलं म्हटल्यावर त्यांनी कॅफेवाल्याकडे तिकीट मागितलं. गेल्याचा काहीतरी कागद पाहिजे, त्याशिवाय ते हलेनात. शेवटी त्याने पत्राची छापील प्रत काढून दिली. तात्यांनी तिला एक भोक पाडलं आणि घडी करून खिशात ठेवली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. तीन ओळींचं. त्यातली मधली ओळ अशी, की तुमचे आकडे जर खरे असतील, तर ही आजवर जगलेली सर्वांत वेगवान स्त्री आहे.

आता त्यातला 'जर' मला दिसला होता का? दिसला होता. खोटं कशाला बोलू. पण तात्या शेजारी उभे होते, चिमटा वाजायचा थांबला होता, आणि मला ती ओळ इतकी आवडली की मी ती सांगताना जरा आवरून सांगितली. 'आजवरची सर्वांत वेगवान स्त्री' एवढंच. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला जाहीर केलं. पौडहून पेढे आले. मी भाषण केलं, त्यात माझ्या पत्राचा उल्लेख तीन वेळा. मंगलने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "आजवरच्या म्हंजे, भूगावच्या बायका बी धरून?"

संध्याकाळी जोसेफने ते उत्तर वाचलं.

"मॅडम," तो म्हणाला, "हा माणूस स्तुती करत नाहीये. तो विचारतोय, तुमचं घड्याळ बिघडलंय की तुम्ही."

पेढ्यांचा डबा अजून टेबलावर होता. मी झाकण लावलं.

घड्याळ बरोबर होतं. मग उरलं अंतर. तात्या ऐकेनात. तीस वर्षं त्यांनी टप्प्यांवर तिकिटं फाडली होती, टप्पा चुकेल कसा? शेवटी रस्ता मोजायचा ठरलं. कोळवण खोऱ्यात त्या काळी टेपला तोटा नव्हता, पुण्याचे लोक फार्महाऊससाठी जमिनी घेत होते आणि दर तिसऱ्या घरात मोजणीची टेप होती. तीस मीटरची एक टेप मिळाली. एक टोक तात्यांकडे, एक जोसेफकडे, वही माझ्याकडे, आणि मंगल खडूने खुणा करायला.

पहिला अर्धा किलोमीटर शांततेत गेला. मग एक शेतकरी बांधावरून खाली आला.

"काय मोजताय तात्या? मोजणीची नोटीस कुटंय?"

"जमीन न्हाई मोजत रं. रस्ता मोजतोय."

हे सांगायला नको होतं. रस्ता मोजतात म्हणजे रुंदीकरण, रुंदीकरण म्हणजे जमीन जाणार. तासाभरात आमच्यामागे तीस-चाळीस माणसं चालू लागली. दोघांनी घरून सातबारा आणला. एक म्हातारा ठामपणे सांगत होता की त्याचं आंब्याचं झाड रस्त्याच्या बाहेर आहे, आणि टेप त्या बाजूला गेली की झाडाला मिठी मारायचा. मग मोटरसायकलवरून एक जमिनीचा दलाल आला. त्याने जोसेफकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "फॉरेनची पार्टी हाय काय? किती एकर पायजे म्हणत्यात?" मी सांगितलं, हा विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "सगळे आधी असंच सांगत्यात," आणि जोसेफच्या हातात कार्ड ठेवलं.

दुपारी खिंडीत पोचलो. मी बेरीज केली, जोसेफने केली, मंगलने केली. नऊ किलोमीटर दोनशे मीटर.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. वर्षानुवर्षं तात्यांच्या गाडीने ये-जा करणारी. "ईस वर्सं सांगत हुते," ती म्हणाली. "नऊ हाय, नऊ हाय. तर ह्यो म्हणायचा टप्पा म्हंजे टप्पा."

सगळे तात्यांकडे बघू लागले. चूक एस.टी.ची नव्हतीच. सहाच्या पुढे पाऊल टाकलं की दुसऱ्या टप्प्याचं भाडं लागतं, हा भाड्याचा हिशेब, अंतराचा नव्हे. तात्यांना तो पाठ होता, फक्त पाय आणि भाडं या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्या नव्हत्या. ते म्हातारीला म्हणाले, "आक्का, टप्पा भाड्याचा आसतो. पायांचा न्हाई. मला आज कळलं."

खिंडीतून आम्ही खाली निघालो. मंगल सर्वांत पुढे चालत होती.

आणि आता माझा पराक्रम. शाळेच्या पायरीवर बसून मी तात्यांना म्हटलं, "आपण कळवायचंच कशाला? घड्याळ तपासलं, बरोबर आहे, एवढंच लिहू. अमेरिकेहून टेप घेऊन कोण येतंय?" आठवीला मी दर वर्षी सत्याचा विजय हा निबंध द्यायचे. त्याच पायरीवर बसून मी हे बोलले.

तात्यांनी चिमटा खिशात ठेवला. "बाई, बिनतिकिटाचा माणूस गाडीत बसवला तर कदी तरी उतरवावा लागतोच. हितं उतरवला तर चालत घरी जातो. तितं उतरवली तर ही कुटं जाईल?"

"पण खरं कळवलं तर ते नाही म्हणतील. मग तिचं कॉलेज?"

बारावीची परीक्षा दोन आठवड्यांवर होती, हे तात्यांनाही माहीत होतं. मंगल खालच्या पायरीवर पायातला काटा काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाई, बाराचं सांगून नऊचं पळाले तर तुमी हितं आसणार. तितं मीच आसणार की."

दुसरं पत्र तात्यांनी सांगितलं, मी लिहिलं. चार ओळी. आमचं अंतर चुकलं होतं. बारा नाही, नऊ किलोमीटर दोनशे मीटर. वेळ तीच. मुलगी तीच. मी शेवटी एक 'क्षमस्व' घालू का विचारलं, तर म्हणाले, "तिकिटावर क्षमस्व लिवलेलं बघितलंय का कदी?"

उत्तर येईना. एक आठवडा, दोन, पाच. तात्या रोज शाळेच्या फाटकाशी यायचे, मी दिसले की भुवया वर करायचे, मी मान हलवायचे, ते परत जायचे. मंगलची परीक्षा सुरू झाली, संपली. आबांनी तिच्यासाठी पौडच्या एका दवाखान्यात नाव नोंदायच्या कामाची चौकशी करून ठेवली. पाण्याचे घोट मात्र रोज चालू होते.

दीड महिन्याने उत्तर आलं. या वेळी मी जोसेफला मागे उभं केलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. प्रशिक्षकाने लिहिलं होतं, की मला जगभरातून पत्रं येतात, पहिल्या पत्रात खेळाडू वेगवान असतो आणि दुसऱ्या पत्रात आणखी वेगवान होतो. दुसऱ्या पत्रात हळू झालेली ही पहिलीच. ती जगातली सर्वांत वेगवान नाही, पण डोंगरावर अनवाणी या वेगाने पळणारी मुलगी मला चालेल. तिने मैदानावर पळून वेळ पाठवावी आणि इंग्रजीची परीक्षा पास व्हावी.

"काय गाळलं न्हाई ना?" तात्यांनी जोसेफला विचारलं. मला नाही, जोसेफला. जोसेफ त्याच्या मराठीत म्हणाला, "न्हाई तात्या. सगळा हाय."

मैदानावरच्या पंचवीस फेऱ्या ती पुण्यात पळाली. परत येऊन गाडीतून उतरल्यावर तिची एकच तक्रार, "निस्तं गोल गोल. कुटं पोचतच न्हाई." इंग्रजीची तयारी माझ्याकडे. तोंडी परीक्षेत तिने परीक्षकाला त्याच्या मौल्यवान वेळेबद्दल तीनदा धन्यवाद दिले, तेवढा माझा ठसा राहिला. पास झाली. पदवीपर्यंतची फी कॉलेजची, असा शब्द प्रशिक्षकाने कळवला.

जायच्या आदल्या दिवशी ती तात्यांच्या पाया पडायला आली. मी तिथेच होते. म्हणाली, "तात्या, तितं मी हरले तर?"

"तिकीट म्हंजे बसायचा हक्क," तात्या म्हणाले. "खिडकीचा न्हाई."

तिचं पहिलं पत्र दिवाळीनंतर आलं. शर्यतीत चोविसावी आली होती. लिहिलं होतं, 'पुढं केनियाच्या तीन पोरी, त्यांच्या मागं वीस अमेरिकेच्या, मग मी.' तात्यांनी खोऱ्यात तर सांगून ठेवलं होतं की ही केनियाच्याही पुढे जाणार. ते रोज विचारायचे, कितवी? पुढे अठरावी झाली, अकरावी झाली, एकदा सहावी. सहावी आली त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गाडीला चहा पाजला, ड्रायव्हरसकट, आणि गाडी खरोखरच लेट झाली.

तिसऱ्या वर्षी तिचा फोन मला आला. गुडघा गेला होता. डॉक्टरांनी शर्यती बंद सांगितल्या होत्या. प्रशिक्षकाने शब्द पाळला होता, फी कॉलेजच भरत होतं, ती आता बाकीच्यांच्या वेळा घ्यायला घड्याळ घेऊन उभी राहायची. एका वर्षात पदवी. "पण बाई," ती म्हणाली, "तात्यांना तुमी सांगा. मला न्हाई सांगवत."

मी दोन दिवस शब्द जुळवले. सौम्य शब्द, भारी शब्द, सांत्वनाचे शब्द, माझ्याकडे त्यांचा साठा मोठा. मग त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि सगळे विसरून सरळ सांगितलं, "तात्या, मंगलचं पळणं संपलं. शिकणं चालू आहे."

काकू आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"उतरायचं ठिकाण आलं की उतरायचं," तात्या म्हणाले. "गाडीत बसून ऱ्हायला कोण तिकीट काढतंय?"

मी म्हटलं, "हे तिला लिहून कळवू?"

"कळवा. पर आधी इचारा, गुडघ्याला काय लावती."